छज्जा, कोबा आणि विजेचं बिल



ज्या व्यासपीठावरून साहित्यिक, इतिहासकार आणि न्यायमूर्ती बोलतात, तिथे सिमेंटच्या धुळीत वावरणाऱ्या एका वास्तुरचनाकाराला उभं करण्याचं धाडस संयोजकांनी केलं, त्याबद्दल आधी आभार. विषय निवडायची मोकळीक होती. बाहेर उन्हाळा आहे, या सभागृहातले पंखे पाचावर फिरताहेत, त्यामुळे निवड सोपी झाली: शहरातलं, कमी विजेत सुसह्य राहणारं घर आणि ते बांधणारे हात.

माझं म्हणणं आधीच मांडून टाकतो, म्हणजे मधेच उठून जाणाऱ्यांचीही सोय होईल. घर थंड ठेवायला किती वीज लागणार, याचा बराचसा निकाल आपण राहायला जाण्याआधीच लागलेला असतो. आणि तो लागतो अशा जागी, ज्या पुढे गिलाव्याखाली, फरशीखाली किंवा रंगाखाली झाकल्या जातात. छज्जा किती बाहेर काढला, चौकट आणि भिंत यांच्यामधली फट कशाने भरली, गच्चीवरच्या कोब्याखाली काय घातलं, गिलाव्याला किती दिवस पाणी मारलं. आराखड्यात या गोष्टी म्हणजे एखादी रेघ किंवा कोपऱ्यातली टीप. साइटवर मात्र त्या कुणाच्या तरी हाताच्या असतात. हरित घरांवरच्या चर्चांत काचा, सौर पॅनेल, मानांकनाचे तारे यांच्याबद्दल पुष्कळ ऐकू येतं. या हाताबद्दल जवळजवळ काहीच नाही. आज त्याच्याबद्दल बोलायचं आहे.

पण सुरुवात सूर्यापासून करावी लागेल, कारण आपला खरा गिऱ्हाईक तोच.

पुणं साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे, मुंबई एकोणिसाव्या. मे महिन्याच्या मध्यावर इथे एक दिवस असा येतो, की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पडत नाही. शाळांमधून हा शून्य सावलीचा दिवस हौसेने साजरा होतो. घराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की ऐन उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. सगळा मारा गच्चीवर. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर उन्हाळ्यात पूर्ण सावली आणि थंडीत हवंहवंसं अर्धं ऊन आत, असं सहज जमून येतं. एवढ्यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही.

पश्चिमेची गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये दुपारी साडेतीन-पावणेचारला सूर्य ४५ अंशांपर्यंत उतरलेला असतो, आणि तोही खिडकीच्या जवळजवळ समोर. दोन फुटांचा छज्जा त्या वेळी खिडकीच्या वरच्या दोन फुटांवरच सावली धरतो. पावणेपाचच्या सुमाराला सूर्य ३० अंशांवर येतो, तेव्हा ही सावली जेमतेम सव्वा फूट उरते. चार फुटी खिडकीचा बाकी सगळा भाग उघडा. पश्चिमेला आडवा छज्जा कितीही लांबवला तरी तो हरणारच. तिथे उभ्या पट्ट्या हव्यात, जाळी हवी, बाहेरून लावलेला चिकाचा पडदा हवा, नाहीतर सरळ झाड हवं. बाहेरून हा शब्द महत्त्वाचा आहे. काचेच्या आतला महागातला पडदा ऊन थांबवतो, पण ते घरात आल्यावर. काचेतून आत शिरलेली उष्णता पडद्याला तापवते आणि पडदा खोलीला.

हे सगळं वास्तुरचनेच्या पहिल्या वर्षातलं शिक्षण आहे. तरी आपल्या शहरात एकाच इमारतीच्या चारही बाजूंना एकाच मापाचे छज्जे, किंवा आताशा चारही बाजूंना छज्जेच नाहीत, असं का दिसतं? कारण चारही बाजू सारख्या असल्या, की साचे सारखे, हिशेब सोपा आणि जाहिरातीतलं चित्र गुळगुळीत. मरिन ड्राइव्हच्या १९३०-४० च्या दशकांतल्या आर्ट डेको इमारती बघा. युनेस्कोने २०१८ मध्ये त्यांना जागतिक वारशात घेतलं ते त्यांच्या रूपासाठी. पण खिडक्यांवरून भिंतभर धावणारे त्यांचे ते पातळ, वळणदार छज्जे नुसते दागिने नव्हेत. ते पाऊस आणि ऊन दोन्ही अडवतात. आणि कधी खाली उभे राहिलात, तर त्या छज्ज्यांची खालची कड निरखून पाहा. चांगल्या कामात तिथे अर्ध्या इंचाची एक खाच लांबवर गेलेली दिसते. पावसाचं पाणी कडेवरून उलट फिरून भिंतीकडे येऊ लागलं, की या खाचेपाशी थबकतं आणि थेंब होऊन खाली पडतं. खाच नसेल तर पाणी तळावरून सरकत खिडकीच्या माथ्यापर्यंत पोहोचतं, गिलावा ओला राहतो, दोन-तीन पावसाळ्यांत सुटतो आणि चौथ्या वर्षी मालक खिडकीवर पत्रा ठोकतो. ती खाच गवंड्याने गिलावा ओला असताना, पट्टी धरून, एका दमात ओढलेली असते. आराखड्यात ती दाखवली असेल-नसेल. जुन्या गवंड्याला ती न सांगता ठाऊक असे.

आता गच्चीवर येऊ.

आपल्याकडे गच्चीला कोबा करतात. मुंबई-पुण्यात हयात गेलेल्या कुणालाही हे काम माहीत असेल: स्लॅब धुऊन घ्यायचा, भिजवलेल्या विटांचे तुकडे उतार धरून बसवायचे, त्यांच्या सांध्यांत सिमेंटचा रस ओतायचा, कठड्यापाशी गोलसर वाटा ओढायचा, वरून सिमेंटचा पृष्ठभाग घोटून दोरी मारून चौकटी पाडायच्या आणि मग सगळीकडे पाणी साठवून ठेवायचं. हे पाण्यासाठीचं काम आहे, उन्हासाठीचं नव्हे. विटांमुळे उष्णतेला थोडा अडसर होतो, हे खरं. पण थोडाच.

केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ च्या डिसेंबरात निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ आणली. तिच्यात छतासाठी एक मर्यादा आहे. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना छताच्या दर चौरस मीटरमधून १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येता कामा नये. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबमधून तीन वॅटहून जास्त येते. कोबा घातला की ती उतरते, तरी संहितेच्या दुपटीच्या आसपास राहते. आणि आता गंमत बघा: त्याच कोब्याखाली भार पेलणाऱ्या चांगल्या प्रतीच्या फोमचा एक इंच जाडीचा थर अंथरला, की आकडा एकाच्या खाली येतो. एक इंच! संपूर्ण इमारतीच्या खर्चात हा इंच शोधून सापडणार नाही.

मग तो का घातला जात नाही? याचं उत्तर तंत्रात नाही, खिशात आहे. त्या इंचाचा खर्च बिल्डरचा आणि फायदा राहणाऱ्याचा. राहणाराही कोण, तर फक्त सर्वांत वरच्या मजल्यावरचा. घर घेताना आपण काय पाहतो? फरशी, बाथरूममधले नळ, स्वयंपाकघराचा ओटा, लिफ्ट कुठल्या कंपनीची. कोब्याखाली काय आहे, हे विचारणारा गिऱ्हाईक मला आजवर फारसा भेटलेला नाही. जे विचारलं जात नाही ते विकलं जात नाही, आणि जे विकलं जात नाही ते बांधलं जात नाही.

फोम परवडत नसेल तर त्याहून स्वस्त उपाय गच्चीच्या वरच्या बाजूला आहे: पांढरा पृष्ठभाग. फुटक्या पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवून केलेला चायना मोझाइक आपल्याकडे गेली कित्येक दशकं आहे. पांढरा रंग उन्हाचा मोठा हिस्सा आल्या वाटेने परत पाठवतो, बस. अहमदाबादने २०१० च्या भयंकर उन्हाळ्यानंतर २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेशी सामना करण्याचा आराखडा केला, आणि पुढे झोपडपट्ट्यांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचं कामही हाती घेतलं. पत्र्याच्या घरात राहणाऱ्या बाईला छप्पर थोडं जरी निवलं तरी दुपारी घरात बसता येतं. हरित घर म्हणजे श्रीमंतांचं प्रकरण, अशी ज्यांची समजूत आहे, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

उष्णतेची आणखी एक खोड आहे, ती भिंतीबाबत बोलण्याआधी सांगायला हवी. ती लगेच आत येत नाही. नऊ इंची विटेच्या भिंतीला बाहेरून लागलेलं ऊन आत पोहोचायला सहा-सात तास लागतात. पश्चिमेची भिंत चार-साडेचारला तापली, तर तिचा निखारा आत झोपण्याच्या वेळी, दहा-अकराला जाणवतो. बाहेर वारा सुटलेला, हवा निवलेली, आणि खोलीत मात्र भिंत उबदार लागते. हा अनुभव पुण्यात कुणाला नाही? जुन्या वाड्यांच्या जाड दगडमातीच्या भिंतींना हा उशीर इतका लांब असे, की दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्रीचा गारवा तिला गाठत असे. चौकातून रात्री गार हवा खाली बसायची. मात्र वाड्यांचं नको तितकं कौतुक माझ्याने होत नाही. त्यांच्या मधल्या खोल्या काळोख्या असत, स्वयंपाकघरात धूर कोंडे, आणि तिथे दिवस काढणाऱ्या बायकांना कुणी हे घर थंड आहे का, असं विचारलं नाही. शिवाय वाडा हे गावातल्या मूठभरांचं घर होतं. आपण त्यांच्याकडून भिंतीचं आणि चौकाचं शास्त्र घ्यावं, बाकी तिथेच राहू द्यावं.

आजच्या भिंतींकडे येतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्याकडे भाजक्या विटेच्या जागी हवेचे बुडबुडे धरलेले हलके ब्लॉक आले, ज्यांना साइटवर सगळे एएसी म्हणतात. उष्णतेच्या बाबतीत माल उत्तम: आठ इंची ब्लॉकची भिंत नऊ इंची विटेच्या भिंतीच्या निम्म्याहून कमी उष्णता आत घेते. मग अडचण कुठे? हा ब्लॉक कोरडा असला, की पाणी पितो. त्याच्या सांध्यांसाठी तीन मिलिमीटरचा विशेष चिकट मसाला हवा. गवंड्याला त्याचा सराव नाही, मुकादमाला घाई आहे, म्हणून पाऊण इंची वाळू-सिमेंटचाच मसाला थापला जातो. ब्लॉक त्यातलं पाणी ओढून घेतो, सांधा भुसभुशीत राहतो. ब्लॉक आणि काँक्रीटचा खांब यांच्या जोडावर जाळी मारायची असते, ती राहून जाते. वर्षभरात भिंतीवर उभे-आडवे तडे, गिलाव्यावर बोट वाजवलं तर पोकळ आवाज, आणि पावसाळ्यात त्या तड्यांमधून पाणी. मग राहणारे म्हणतात, एएसी वाईट. एएसी वाईट नाही. नव्या मालाला नवा हात लागतो, आणि आपण माल विकत आणला, हात शिकवला नाही.

तीच गत सिमेंटची. जगात होणाऱ्या कर्बवायूच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के मानला जातो, म्हणून औष्णिक वीजकेंद्रांतली राख मिसळलेलं सिमेंट हरित म्हणून वापरतात. चांगलंच आहे. पण काँक्रीटसाठीची आपली भारतीय मानकसंहिता, आयएस ४५६, सांगते की साध्या सिमेंटला किमान सात दिवस ओलं ठेवा आणि मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस. म्हणजे हरित मालाला जास्त पाणी, जास्त दिवस, जास्त काळजी. एप्रिलच्या उन्हात नळी धरून दिवसातून तीनदा पाणी मारणारी बाई ही त्या हरितपणाची खरी धनी. तिची रोजंदारी मात्र साइटवर सर्वांत कमी.

आणि आता सर्वांत नवी भिंत. मुंबई-पुण्यातल्या बहुतेक उंच इमारती हल्ली ॲल्युमिनियमच्या साच्यात अख्ख्या ओतल्या जातात. साइटवर त्याला मायवान म्हणतात. खांब, भिंती, स्लॅब, सगळं काँक्रीट, सगळं एकाच वेळी. मजला आठवड्या-दहा दिवसांत. काम सरळसोट, कोपरे गुण्यात, गिलाव्याची जवळजवळ गरजच नाही. मला त्याची शिस्त आवडते. पण भिंत उरते सहा इंचांच्या काँक्रीटची, जिच्यातून विटेच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता आत येते. वाचलेल्या वेळेची किंमत पुढची पन्नास वर्षं वातानुकूलन यंत्रं भरणार. इको-निवास संहितेत भिंती-खिडक्यांतून मिळून येणाऱ्या उष्णतेलाही दर चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा आहे. अशी इमारत त्या मर्यादेत बसवायची तर बाहेरून उष्णतारोधक थर, फिकट रंग, चांगली सावली यांपैकी पुष्कळ काही करावं लागतं. साच्यालाच छज्जा जोडता येतो, तांत्रिक अडचण काही नाही. पण साचा बनवणाऱ्याला तो सांगावा लागतो, आणि सांगायची वेळ पहिला स्लॅब पडायच्या कितीतरी आधी असते.

खिडकीवर थोडं थांबतो, कारण लोक सर्वांत जास्त फसतात ते इथे. संहिता म्हणते, मुंबईसारख्या दमट उष्ण हवेत खिडक्या-दारांचं उघडणारं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या सुमारे एक षष्ठांश हवं. ६०० चौरस फुटांच्या घराला १०० चौरस फूट. आता आपल्या घरातली सरकती खिडकी आठवा. चार फूट बाय चार फूट, म्हणजे सोळा चौरस फूट दिसते. उघडते किती? आठ. दुसरी काच पहिलीच्या मागे जाऊन उभी राहते. जुन्या लाकडी दोन झडपांच्या खिडकीत सोळाच्या सोळा फूट उघडत होते. वर भिंतीच्या माथ्याशी एक झरोका असे, रात्री तो उघडा ठेवला तरी चोराचं भय नसे. पुण्यात एप्रिलमध्ये दुपार कितीही तापली तरी पहाट गार असते. रात्रभर घरातून हवा खेळली तर भिंती निवतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत साथ देतात. आपण झरोके बुजवले, सरकत्या काचा लावल्या, डासांना भिऊन त्याही मिटल्या आणि मग यंत्र आणलं. तेही कसं, तर चौकट आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर फटीत कागदाचा बोळा कोंबून वरून पांढरं सिलिकॉन फासलेल्या खोलीत. झाकण नीट न बसणाऱ्या डब्यात चकल्या ठेवून कुरकुरीत राहण्याची अपेक्षा करण्यासारखं आहे हे.

यंत्राला माझा विरोध नाही. मुंबईच्या ऑक्टोबरात कुणी ते लावलं तर मी उपदेश करणार नाही. पण अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात भारतीय माणसाला किती तापमान सुसह्य वाटतं यावर जे काम झालं, त्यातून एक साधी गोष्ट पुढे आली: आपल्या हवेत वाढलेल्या माणसाला, विशेषतः वारा अंगावर असेल तर, पाश्चात्त्य मोजमापांपेक्षा बऱ्याच जास्त तापमानात बरं वाटतं. पंखा हे आपलं खरं यंत्र आहे. जुना पंखा ७५ वॅट घेतो, नवा ब्रशविरहित मोटरचा पंखा तीसच्या आसपास, वारा तेवढाच. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचं आहे. या एका बाबतीत तरी घरमालकाला कुणा बिल्डरची वाट पाहायला नको.

सौर पॅनेलबद्दल विचारलं जाणारच, म्हणून उरकून टाकतो. एका किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी गच्ची लागते आणि दिवसाला चारेक युनिट मिळतात. बंगल्याला, चार मजली सोसायटीला ते फार चांगलं. वीस मजल्यांच्या इमारतीत गच्ची एक आणि घरं ऐंशी. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे निघाले तरी खूप झालं. उंच इमारतीने विजेचा प्रश्न गच्चीवर सोडवण्याचा विचार सोडावा आणि भिंतींकडे पाहावं.

हे सगळं जमवून दाखवणारी माणसं आपल्याकडे झाली नाहीत, असं नाही. चार्ल्स कोरियांचं मुंबईतलं कांचनजंगा १९८३ मध्ये पूर्ण झालं. मुंबईत समुद्राचा वारा आणि समुद्राचं दृश्य पश्चिमेला, आणि नेमकं तिकडूनच दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा. जुन्या बंगल्यांनी याला उत्तर दिलं होतं घराभोवती व्हरांडा फिरवून. कोरियांनी तोच व्हरांडा २८ मजल्यांवर नेला: कोपऱ्यात खोल, दुमजली उंचीचे सज्जे, त्यांच्या आत मागे सरकलेल्या राहत्या खोल्या. ऊन सज्ज्यात थांबतं, वारा आरपार जातो. घरं बत्तीसच, तीही बड्यांची, हे मान्य. त्याआधी, साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अहमदाबादेत केलेलं ‘ट्यूब हाउस’ स्वस्त घरांसाठी होतं. अरुंद, लांबट घर, उतरतं छप्पर. दारापाशी खालून गार हवा शिरायची आणि तापलेली हवा छताला धरून वर चढत माथ्यावरच्या फटीतून निघून जायची. ते घर १९९५ मध्ये पाडलं गेलं.

पण हाताची कदर ज्याने सर्वांत जास्त केली, तो माणूस इंग्रज होता. लॉरी बेकर, जन्म १९१७ चा, बर्मिंगहॅमचा, अखेर २००७ मध्ये तिरुवनंतपुरमला. बेकर कार्यालयात बसून आराखडे पाठवत नसत. साइटवर जाऊन गवंड्यासमोर, कधी रद्दी कागदाच्या पाठीवर, रेखाटून देत. त्यांनी रूढ केलेली विटेची भिंत अशी: विटा आडव्या न लावता कडेवर उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीतली हवा उष्णतेला अडवते. ऐकायला फुकटची कमाई वाटते. करून पाहा. विटांच्या सगळ्या कडा सारख्या हव्यात. थापीवरचा मसाला पोकळीत सांडता कामा नये, नाहीतर पोकळी भरते आणि खर्च उलट वाढतो. विजेच्या नळ्या कुठून जाणार हे आधीच ठरवावं लागतं, कारण नंतर भिंत फोडता येत नाही. म्हणजे स्वस्ताई आणि गारवा दोन्ही येतात ते गवंड्याच्या मनगटातून. त्यांच्या छतातही हेच. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताणाला फारसं उपयोगी नसतं, तिथे लोखंड काम करतं. मग त्या जागी दोन मंगलोरी कौलं, मध्ये हवेची फट ठेवून, घालायची. काँक्रीट वाचतं, छत हलकं होतं, ऊन कमी येतं. कौल मात्र सरळ रांगेत बसलं पाहिजे, कारण खालून ते गिलाव्याविना दिसणार असतं.

दिसणार असतं, हे मला महत्त्वाचं वाटतं. बेकरांच्या घरात गवंड्याचं काम उघडं असे, म्हणून तो ते नीट करी आणि त्याचा त्याला अभिमानही वाटे. आपण सगळं गिलाव्याखाली आणि पुट्टीखाली झाकतो, आणि काम झाकलं जाणार हे करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं.

वर कामाचे पैसे कसे देतो तेही बघा. गिलावा चौरस फुटावर, वीटकाम ब्रासवर. जास्त केलं तर जास्त मिळणार, नीट केलं तर नाही. खाच ओढायला जाणारी पंधरा मिनिटं गवंड्याच्या खिशातून जातात. मुकादम बिल लावतो, ठेकेदार ते मंजूर करून घेतो, आम्ही सही करतो. आमची सही चौरस फुटांवर असते. बांधकाम मजुरांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला, त्यातून आलेला बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कल्याण मंडळाकडे जमा होतो. त्यातून मजुरांना साहाय्य मिळतं, ते मिळालंच पाहिजे. पण त्यातला एक हिस्सा तरी भरपगारी शिक्षणावर जावा, असं मला वाटतं. शिकायला येणाऱ्याचा रोज बुडणार असेल तर एएसीचा पातळ सांधा शिकायला कोण येईल?

आणि हा सौंदर्याचा किंवा बिलाचाच प्रश्न आहे, असं कुणी समजू नये. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत, खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लागतो. २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथल्या वसाहतींचा अभ्यास केला आणि उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दाखवला. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसाला पक्कं घरच आजारी पाडत असेल, तर तिथे आपण वास्तुरचनाकार म्हणून काय केलं, हे विचारायचा हक्क त्याला आहे. उलट उदाहरणही आहे. राजकोटमध्ये पंतप्रधान आवास योजनेखाली ११७६ घरांची वसाहत भारत-स्वित्झर्लंड सहकार्याच्या प्रकल्पातून आखली गेली. कमी उष्णता घेणाऱ्या भिंती, पूर्ण उघडणाऱ्या आणि अर्ध्या अपारदर्शक झडपांच्या खिडक्या, आणि इमारतीच्या सेवा-नळ्यांसाठीची जी उभी पोकळी एरवी घाणीने भरते तिचाच वारा खेचायला उपयोग. सरकारी दरात बसणारं काम होतं ते.

आता शेवटचं, तुमच्यापैकी बहुतेकांसाठी. घर घेऊन झालेलं आहे, भिंती बदलता येणार नाहीत. मग? दर काही वर्षांनी तुमची सोसायटी रंगकाम आणि गच्चीच्या दुरुस्तीसाठी दरपत्रकं मागवते. सर्वसाधारण सभेत त्यावर तासभर भांडण होतं, तेही चौरस फुटामागे दोन-तीन रुपयांवरून. तो तास थोडा वेगळा वापरा. जुना कोबा काढायचाच असेल तर नव्याखाली तो एक इंचाचा थर मागा; काढायचा नसेल तर वर पांढरा चायना मोझाइक. पश्चिमेच्या भिंतीला फिकट रंग द्या, गडद तपकिरी जाहिरातीत कितीही झोकदार दिसला तरी. पश्चिमेच्या खिडक्यांना सगळ्यांनी एकाच नमुन्याची बाहेरची जाळी किंवा चिक लावायचा ठराव करा, म्हणजे इमारत विद्रूप होते ही तक्रार राहणार नाही. परांची बांधलेलीच असते, तेव्हाच छज्ज्यांच्या तळाला खाच पाडून घ्या आणि चौकटींच्या फटी खरवडून नीट भरून घ्या. आणि दरपत्रक मंजूर करताना प्रत्यक्ष काम कोणता गवंडी करणार, हे ठेकेदाराला विचारा. त्याने दोन वर्षांपूर्वी केलेली एखादी गच्ची पावसाळ्यात जाऊन पाहा. त्याला चौरस फुटावर नव्हे, रोजावर घ्या. महाग पडेल, पडू द्या.

काम झालं की कोब्यावर किमान आठवडाभर पाणी साठवून ठेवा. वरच्या मजल्यावरचे डासांची तक्रार करतील, चेअरमनला फोन येतील, पाणी वाया जातं म्हणून कुणीतरी पत्रही लिहील. पाणी काढू नका.